टर्टल ग्राफिक्स

टर्टल ग्राफिक्स ही संगणकाला आज्ञा देऊन रेखाकृती काढण्याची आणि त्यातून नवशिक्यांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याची पद्धत आहे. 'टर्टल' म्हणजे कासव. या कासवाला स्थान आणि दिशा असे दोन गुणधर्म असतात. आज्ञेनुसार ते पुढे सरकते, वळते आणि आपल्या मार्गाची रेषा उमटवते.

इतिहास

लोगो या भाषेमुळे ही पद्धत प्रसिद्ध झाली. १९६७ मध्ये अमेरिकेतील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत वॉली फोर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी लोगो विकसित केली. आरंभी तिचा भर शब्द व याद्या हाताळण्यावर होता. कासवाची भर नंतर पडली. सुरुवातीची कासवे जमिनीवर चालणारी यंत्रे होती. पॅपर्ट यांनी जिनिव्हा येथे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्यासोबत काम केले होते. मूल स्वतःच्या कृतीतून ज्ञानाची रचना करते, हा विचार त्यांनी 'माइंडस्टॉर्म्स' (१९८०) या ग्रंथात संगणकाच्या संदर्भात मांडला.

कार्यपद्धती

'फॉरवर्ड १००' या आज्ञेने कासव १०० एकके पुढे जाते, तर 'राइट ९०' या आज्ञेने ९० अंशांत उजवीकडे वळते. ही जोडी चार वेळा दिल्यास चौरस तयार होतो.

समभुज त्रिकोण काढताना नवशिके अनेकदा ६० अंशांचे वळण देतात, कारण त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो. मात्र तीन बाजू काढूनही आकृती उघडीच राहते आणि अर्धा षट्कोन दिसतो. कासव आंतरकोनातून नव्हे, तर बाह्यकोनातून वळते. म्हणून येथे १२० अंशांचे वळण आवश्यक असते. समभुज त्रिकोण, चौरस यांसारख्या सुसम बहुभुजाकृतीभोवती एक फेरी पूर्ण करताना एकूण वळण ३६० अंश होते. विद्यार्थी त्याच मार्गाने स्वतः चालून हे पडताळू शकतो.

शैक्षणिक महत्त्व व मर्यादा

या पद्धतीत चूक केवळ त्रुटीच्या संदेशातून कळत नाही, तर चित्ररूपाने समोर येते. त्यामुळे उत्तर बरोबर की चूक एवढ्यावर न थांबता आकृती कोठे बिघडली हे शोधता येते. तथापि, लोगो शिकल्याने नियोजनकौशल्य आपोआप वाढते, या अपेक्षेला रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांच्या १९८४ मधील संशोधनात पुष्टी मिळाली नाही. शिक्षकाचे मार्गदर्शन आणि कामांची योग्य निवड यांचे महत्त्व त्यानंतरच्या चर्चेत अधोरेखित झाले.

प्रभाव

पायथन भाषेत 'टर्टल' हे मॉड्यूल अंतर्भूत आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये खुल्या केलेल्या स्क्रॅच या भाषेवरही लोगोचा प्रभाव आहे. तीत आज्ञा टंकित न करता रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून प्रोग्रॅम तयार करतात.