भार पेलणारी वीण

विणलेल्या पिशव्यांचे नमुने चाळताना आधी एक गोष्ट बघावी: फोटोतली पिशवी भरलेली आहे की रिकामी. बहुतेक वेळा ती खुंटीला रिकामीच टांगलेली असते. काठ सरळ, तळ चौकोनी, बंद नीटनेटके. त्याच पिशवीत दोन किलो कांदे, एक नारळ आणि मेथीची जुडी घातली की ती गुडघ्याशी लोंबायला लागते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून बाजारात जाताना घरून पिशवी नेण्याची सवय पुन्हा रुजते आहे. हातच्या विणीची पिशवीही कपाटात न राहता मंडईत जावी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी ती काय वाहणार आहे हे आधी ठरवायचं आणि मग नमुना शोधायचा.

आपले बहुतेक हात स्वेटरवर तयार झालेले असतात, आणि स्वेटरचा गुण तोच पिशवीचा दोष ठरतो. विणकामात दोरा सरळ धावत नाही, फासाफासातून वळत जातो. वजन आलं की प्रत्येक फास लांबतो आणि अरुंद होतो. लोकर मुळात लवचीक असल्यामुळे बरीचशी परत आखडते. सुती दोऱ्यात तो लवचीकपणा नाही. तो ताणला गेला की तसाच राहतो. म्हणून एक ओळ सुलट, एक ओळ उलट ही सगळ्यांची आवडती साधी वीण पिशवीसाठी सर्वांत कच्ची: ती ताणते आणि तिच्या कडाही गुंडाळल्या जातात. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर कडा सपाट राहतात, पण आडव्या वळ्या वजनाने उघडत जातात आणि पिशवी लांबीला वाढते. एक सुलट, एक उलट आणि पुढच्या ओळीत त्याच्या उलट अशी दाणेदार वीण या दोन्हींपेक्षा भरीव. पहिल्या पिशवीसाठी मी तीच सुचवेन.

खरी भक्कम वीण हवी असेल तर टाका न विणता सरकवण्याचे नमुने बघावेत. टाके सम संख्येत घ्यायचे. सुलट बाजूने एक टाका सुलट विणायचा, दोरा पुढे घेऊन पुढचा टाका नुसता सरकवायचा, दोरा मागे. उलट बाजूने एक टाका उलट, दोरा मागे नेऊन पुढचा टाका सरकवायचा, दोरा पुढे. प्रत्येक सरकवलेल्या टाक्यावरून दोऱ्याची एक छोटी आडवी रेघ जाते. या रेघाच कापडाला धरून ठेवतात, आणि लांबून पाहणाऱ्याला ते मागावर विणलेलं कापडच वाटतं. ही वीण वेळ खाते, दोराही खाते, शिवाय नेहमीपेक्षा जाड सुई घेतली नाही तर पुठ्ठ्यासारखी कडक होते. पण तिची पिशवी वर्षानुवर्षं आकार सोडत नाही.

सरकवलेल्या टाक्यांचीच रंगीत शाखा म्हणजे मोझेक. हे नाव रूढ केलं अमेरिकेच्या बार्बरा वॉकर यांनी. १९७६ साली त्यांचं या तंत्रावर स्वतंत्र पुस्तक आलं. यात दोन रंग असले तरी एका वेळी हातात एकच दोरा असतो. एका रंगाने दोन ओळी, मग दुसऱ्याने दोन, आणि मधले टाके सरकवून खालचा रंग वर आणायचा. नक्षी पायऱ्यापायऱ्यांची, टोकेरी येते. विदर्भातल्या करवतकाठी साडीच्या काठावरचे दाते आठवा. तसे दाते या तंत्राला फार छान जमतात आणि पिशवीच्या तोंडाशी शोभतात. आलेखाच्या कागदावर ते स्वतः उतरवून बघायला हरकत नाही.

जाळीच्या पिशवीचा न्याय वेगळा, तिथे ताणणं हेच काम. चेकोस्लोव्हाकियात १९२० च्या दशकात वाव्र्झिन क्रचिल केसांच्या जाळ्यांच्या व्यवसायात होते. बायकांमध्ये आखूड केसांची फॅशन आली, जाळ्यांची मागणी घटली आणि त्यांनी त्याच कौशल्यातून बाजाराच्या जाळीदार पिशव्या काढल्या. मुठीत मावणारी आणि भरली की कितीतरी मोठी होणारी ही पिशवी पुढे त्या देशाची ओळखच झाली. दोरा सुईवर घेऊन, दोन टाके एकत्र विणून सुईवरही अशी जाळी होते. मोसंबी, नारळ, कणसं यांना ती उत्तम. मिरच्या आणि लिंबं मात्र निसटतात, म्हणून तळ चार बोटं भरीव विणलेला असेल असाच नमुना घ्यावा.

परदेशी नमुना घेताना सुईचा नंबर जपावा. आपल्याकडे अजून जुनी ब्रिटिश मोजणी चालते: नंबर वाढला की सुई बारीक. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन. अमेरिकी मोजणी उलटी, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. या गोंधळात वीण घट्ट किंवा सैल पडते आणि दोष नमुन्याला लागतो. मिलिमीटर दिलेले नसतील तर तो नमुना बाजूला ठेवलेला बरा.

दोऱ्याबाबत माझं मत ठाम आहे: रोजच्या पिशवीला सुती. अॅक्रिलिक स्वस्त, रंगीत आणि हलकं असलं तरी ते प्लास्टिकच आहे. प्लास्टिकला पर्याय म्हणून विणायचं आणि तेच सुईवर घ्यायचं हे मनाला पटत नाही. कोणताही दोरा असो, वीतभर तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजावा. मग खाली चिमट्याने किलोभर वजन बांधून रात्रभर टांगावा आणि सकाळी पुन्हा मोजावा. नमुना बदलायचा की सुई, हे तो तुकडाच सांगतो.

बंद हा पिशवीचा सर्वांत दुखरा भाग. एलिझाबेथ झिमरमन यांनी लोकप्रिय केलेली तीन-चार टाक्यांची गोल दोरी दिसायला सुबक, पण एकटी वजन पेलत नाही आणि खांद्यात रुतते. तिच्या पोटातून सुती दोर ओवावा. रुंद पट्टी हवी असेल तर ती आडवी न विणता लांबीत विणावी, म्हणजे सुरुवातीची आणि बंद केलेल्या टाक्यांची अशा दोन्ही घट्ट कडा बंदाच्या लांबीभर धावतात. अंगची शिवणही पिशवीला आधार देते, त्यामुळे बिनशिवणीच्या गोल विणीपेक्षा दोन पल्ले शिवलेली पिशवी जड सामानाला बरी.

अस्तर सांगितलेला नमुना नेहमी वरचढ. जुनी सुती साडी किंवा खणाचं कापड आधी धुऊन आटवून घ्यावं आणि पिशवीपेक्षा दोन बोटं आखूड बेतावं. बंदांची टोकं विणीतून आत नेऊन अस्तरालाच पक्की शिवावीत. मग कांद्यांचं वजन अस्तर उचलतं आणि वीण मोकळी राहते.