उंच पट्टीचा गळा: ऐकलेलं आणि खरं

नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला गर्दी लोटली की पांढरकवड्यात गाण्याचे दिवस सुरू होतात. भजनी मंडळांच्या खंजिऱ्या बाहेर निघतात, चौकात कराओकेच्या स्पर्धा लागतात. अशाच एका स्पर्धेआधी मी तालमीला पेटीवर बसलो होतो. समोर नववीतला मुलगा. दोन वर्षांपूर्वी यानंच काळी चार पट्टीत गाऊन मंडप दणाणून सोडला होता. या वेळी मध्यमाच्या वर जाताच आवाज चिरला. मी सा उतरवून काळी एकवर आणला, तसा त्याचा चेहरा पडला. "सर, पट्टी कायले उतरवता? लोकं हसतीन."

त्याच्या गळ्याला काहीही झालेलं नव्हतं. वयात येताना आवाज फुटतो, तसा तो फुटत होता. पण पट्टी उतरली म्हणजे गायक उतरला, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं, आणि ते बसवलं होतं आपण मोठ्यांनी. टिपेचा सूर लागला की टाळ्या वाजवायच्या आणि खालच्या सुरातलं काम चाललं असताना शेजाऱ्याशी बोलत राहायचं, ही सवय आपलीच. उंच आवाजाबद्दल आपल्याकडे इतकं काही ऐकीव बोललं जातं, की एकदा ते नीट निवडून पाहायला हवं.

उंच म्हणजे मोठा?

पहिला घोळ शब्दांचा आहे. "आवाज चढव" असं आपण म्हणतो तेव्हा जोरात गा म्हणतो की वरच्या सुरात गा, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंमधून श्वास जाताना ते थरथरतात. सेकंदाला किती वेळा थरथरतात त्यावर सुराची उंची ठरते, आणि खालून हवेचा दाब किती आहे व तंतू किती ठामपणे मिटतात त्यावर आवाजाचा जोर ठरतो. पेटीवरचीच गोष्ट घ्या. पुरुष काळी एकचा सा धरतो तेव्हा त्याचे तंतू सेकंदाला साधारण 139 वेळा थरथरत असतात. बाई काळी चारचा सा धरते तेव्हा सुमारे 208 वेळा. ती अंगाईइतक्या हळू आवाजात गायली तरी आकडा 208 च राहतो आणि तो भर मैदानात ओरडून गायला तरी 139 च.

बाई-पुरुषांच्या सुरातला हा फरक मुळात लांबीचा. पुरुषाचे स्वरतंतू साधारण 17 ते 25 मिलिमीटर, बाईचे 12 ते 17 मिलिमीटरच्या आसपास. वर जाताना गळ्यातला एक छोटा स्नायू हे तंतू ताणतो. ते पातळ होतात, कडक होतात आणि जास्त वेगानं हलतात. ताण किती सोसेल, हे ज्याच्या त्याच्या बांध्यावर. मेहनतीनं वरचे दोन-तीन सूर सुटे होतात, स्वच्छ लागतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण मेहनतीनं तंतूंची लांबी कमी होत नाही.

मग पोवाडा, गोंधळ, तमाशातले सुरते इतक्या चढ्या सुरात का गातात? कारण ही सगळी गाणी मोकळ्या माळावरची. दिवाळीच्या दिवसांत आपल्या तालुक्यातल्या गोंड-कोलाम पोडांवर दंडार रंगते, तिथं ढोलाच्या वरून शब्द पोचवावा लागतो. माणसाचा कान सेकंदाला 2000 ते 5000 कंपनांच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. ज्याच्या आवाजात 3000 च्या आसपासची धार असते, तो गर्दी फोडून पलीकडे जातो. ही धार तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीच्या आकारातून येते. म्हणून खर्जातला शाहीरसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोचू शकतो आणि उंच सुरातला एखादा मंचाखाली उतरत नाही. माइक आल्यावर तर लांब पोचण्याची ती गरजही उरली नाही. आमच्या चौकातल्या स्पर्धेत दोन-दोन माणूसभर उंचीचे स्पीकर असतात, तरी मुलं माळावरच्यासारखं ओरडतात. ते थांबायला हवं.

स्त्रीपार्टी नट खोट्या आवाजात गात?

हा गैरसमज मराठी घरांत फार खोल गेलेला आहे, आणि तो आपल्याच रंगभूमीवर अन्याय करणारा आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. 'मानापमान'मधली भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'तली सिंधू या भूमिकांनी त्यांनी महाराष्ट्र वेडा केला. पुरुष बाईची भूमिका करतो म्हणजे आवाज किनरा करत असणार, असं न ऐकलेला माणूस धरून चालतो. त्यांची ध्वनिमुद्रणं आजही सहज मिळतात. ती नीट ऐका. तो पूर्ण मोकळा, स्वतःचा, पुरुषाचाच गळा आहे. बाईपण आहे ते सूर लावण्याच्या लाघवात, शब्द सोडण्याच्या पद्धतीत, लयीशी चाललेल्या खेळात.

दुसरा दाखला 8 जुलै 1921 चा. त्या रात्री मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर ललितकलादर्श या नाटक कंपनीच्या केशवराव भोसल्यांचा. चढ्या, पल्लेदार गळ्यासाठी ख्याती होती ती केशवरावांची, म्हणजे पुरुषभूमिकेतल्या नटाची. मार्दवासाठी ख्याती बालगंधर्वांची, म्हणजे नायिकेची. 'उंच आवाज बायकी' हे समीकरण आपल्या नाट्यसंगीताच्या सर्वांत गाजलेल्या रात्रीनंच मोडून ठेवलं आहे.

खोटा आवाज, ज्याला फॉल्सेटो म्हणतात, तो वेगळा प्रकार. त्यात स्वरतंतूंच्या फक्त कडा हलतात, तंतू पूर्ण मिटत नाहीत, थोडी हवा निसटते, म्हणून आवाज बासरीसारखा पोकळ येतो. तो ऐकायचा असेल तर 'हाफ टिकट' या 1962 च्या चित्रपटातलं किशोरकुमारांचं द्वंद्वगीत ऐका. सलील चौधरींच्या त्या गाण्यात पुरुषाचा आणि बाईचा असे दोन्ही आवाज किशोरकुमारांचेच आहेत. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना गळा कसा कूस बदलतो ते स्पष्ट कळतं. त्यांचं यॉडलिंग म्हणजे हीच कूस झटक्यानं, पुन्हा पुन्हा बदलणं.

याउलट अजय गोगावले. 'अगं बाई अरेच्चा' या 2004 च्या चित्रपटातलं 'मल्हारवारी' किंवा 'जोगवा'तलं 'लल्लाटी भंडार' घ्या. आवाज खूप वर आहे, पण भरलेला आहे, कुठंही पोकळ नाही. तो गोंधळ-जागरणाच्या घराण्यातला, छातीतून उचललेला सूर आहे. पांढरकवड्यातला प्रत्येक दुसरा मुलगा स्पर्धेत यातलंच एखादं गाणं निवडतो आणि मूळ पट्टीतच गाण्याचा हट्ट धरतो. कराओकेच्या मशिनवर ट्रॅकची पट्टी उतरवायचं बटण असतं. ते दाबण्यात कमीपणा वाटण्यासारखं काहीच नाही. बहुतेक पुरुषांनी हे गाणं तीन-चार सूर खाली घेतलं तर त्यात भंडारा उधळल्याचा भाव येईल. मूळ पट्टीत नुसती शीर फुगलेली दिसते.

बाईचा आवाज पातळच हवा?

1948 सालची गोष्ट संगीतप्रेमींना माहीत आहे. मास्टर गुलाम हैदर एका कोवळ्या मराठी मुलीला निर्माते शशधर मुखर्जींकडे घेऊन गेले. आवाज फार बारीक आहे, असं म्हणून मुखर्जींनी नकार दिला. ती मुलगी लता मंगेशकर. तेव्हा चालत होते ते नूरजहाँ, शमशाद बेगम यांचे भरदार गळे. हैदरांनी त्याच वर्षी 'मजबूर'मध्ये लताबाईंना गायला लावलं, आणि 1949 च्या 'महल', 'बरसात', 'अंदाज'नंतर तो नाकारलेला बारीक आवाज हाच बाईच्या गाण्याचा मापदंड झाला.

लताबाईंच्या सुरापुढे मी हात जोडतो. पण या मापदंडाची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढच्या कित्येक पिढ्यांमध्ये जाड गळ्याच्या मुलींना "तुझा आवाज गाण्याचा नाही" असं सांगून घरी बसवलं गेलं. बारीक आवाज हा लताबाईंचा बांधा होता, त्यांचं मोठेपण त्यांच्या सुरेलपणात, श्वासाच्या हुकमतीत आणि शब्दाला दिलेल्या न्यायात होतं. केवळ पातळपणाची नक्कल करून ते कुणाला मिळालं नाही. गंगूबाई हनगल यांचा तरुणपणीचा आवाज बारीक होता. घशाच्या त्रासावर उपचार झाले आणि तो पुरुषी वाटावा इतका भारदस्त झाला. त्यांनी तो लपवला नाही, त्याच आवाजात त्या किराणा घराण्याच्या शिखरावर पोचल्या. शोभा गुर्टूंची ठुमरी भरल्या गळ्याचीच. आणि सुलोचना चव्हाणांच्या लावणीतला ठसका पट्टीतून येत नाही, तो शब्द फेकण्यातून आणि नेमक्या जागी दिलेल्या आघातातून येतो.

पुरुषाचा आवाज बारीक, म्हणजे काहीतरी कमी?

ही समजूत सगळ्यात क्रूर आहे. बारीक आवाजाच्या मुलाला वर्गात चिडवतात, चावडीवर त्याची नक्कल करतात. उंच पुरुषी आवाजाचा विषय निघाला की युरोपातली एक जुनी प्रथाही सांगितली जाते. तिथं चर्चमधल्या गायनासाठी काही मुलांना वयात येण्याआधी खच्ची करत. त्या परंपरेतल्या अलेस्सांद्रो मोरेस्की या शेवटच्या नामांकित गायकाचा मृत्यू 1922 मध्ये झाला. त्यानंतरचे उंच आवाजाचे नामांकित पुरुष गायक असे नाहीत. बी गीज हा पॉप गट असो की मायकल जॅक्सन, त्यांनी आपल्या पूर्ण वाढलेल्या पुरुषी स्वरयंत्राचाच वरचा भाग वापरला.

मुलगा वयात येताना स्वरयंत्र भराभर वाढतं आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सुरांनी, म्हणून जाणवत नाही. झी मराठीवरच्या 'लिटिल चॅम्प्स'ची 2009 मधली अंतिम फेरी ज्यांनी पाहिली, त्यांनी प्रथमेश लघाटेचा तेव्हाचा आणि आजचा आवाज शेजारी ठेवून ऐकावा. गायक तोच, तालीम तीच, पट्टी वेगळी. क्वचित एखाद्या मुलाचं स्वरयंत्र वाढूनही बोलण्याचा आवाज लहानपणीचाच राहतो. सवयीनं तो वरच अडकलेला असतो. आवाजाच्या उपचारतज्ज्ञाकडे काही बैठका घेतल्या की बहुतेकांचा आवाज खाली बसतो. त्याचा पौरुषाशी काही संबंध नाही, आणि कुणी त्यावरून हसत असेल तर मोठ्यांनी तिथल्या तिथं थांबवलं पाहिजे.

खाण्यापिण्याचे उपाय

ज्येष्ठमध, मध, हळदीचं दूध, कच्चं अंडं, मिरी. यातल्या कशानंही पट्टी चढत नाही. गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो. स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात आणि गिळताना ती वाट बंद होते. तंतूंना पदार्थ शिवतच नाही. शिवला तर ठसका लागतो. ज्येष्ठमधानं घसा निवतो, तेवढा उपयोग खरा. तंतूंना लागतो तो ओलावा, आणि तो गाण्याच्या दिवशी सकाळपासून प्यालेल्या पाण्यातून येतो, मंचावर चढताना घेतलेल्या एका घोटातून नव्हे. वाफ मात्र थेट पोचते.

उलट बाजूला तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे. आपल्या भागात भजन सुरू होण्याआधी खर्ऱ्याची पन्नी हातोहात फिरते. "घसा मोकळा होतो" असं सांगणारे जुने गाणारे मी पाहिले आहेत. तंबाखूनं तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो. गळा मोकळा होत नाही.

"टिपेचा सूर लावताना घशातून रक्त आलं" अशा कथा मोठ्या गायकांच्या नावावर अभिमानानं सांगतात. पोरं त्या ऐकून गळा फाडतात. जोर लावताना तंतूंवरची बारीक रक्तवाहिनी फुटू शकते, हे खरं आहे. ती इजा आहे. त्यावर सक्तीचं मौन हाच उपाय असतो, आणि त्यावरही कुणी गात राहिलं तर आवाज कायमचा बिघडू शकतो. रोज ताण देऊन गाणाऱ्यांच्या तंतूंवर गाठीही येतात. वेळीच कळल्या तर त्या बहुतेकदा विश्रांतीनं आणि गाण्याची पद्धत सुधारून बऱ्या होतात.

तो मुलगा शेवटी काळी एकमध्ये गायला. कुणी हसलं नाही. खालचा पंचम त्याला पहिल्यांदाच सापडला होता आणि तिथं तो जरा रेंगाळला.

भजनी मंडळांच्या प्रमुखांना, शाळेतल्या गाण्याच्या शिक्षकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाला गाण्याआधी दर वेळी त्याचा सा नव्यानं शोधून द्या. गेल्या वर्षीचा धरू नका. गुणपत्रिकेत पट्टीसाठी वेगळे गुण ठेवू नका. आणि कुणाचाही आवाज दोन-तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर त्याला यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नाक-कान-घसा विभागात नेऊन स्वरयंत्र तपासून घ्या. खर्रा खाणारा असेल तर आधी न्या.