रबरी अक्षरांची पत्रकं

१५ ऑक्टोबर १९५० रोजी पूर्व जर्मनीत निवडणूक झाली. मतपत्रिकेवर उमेदवारांची एकच सामाईक यादी. मतदाराने कागद घ्यायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा, झालं मतदान. आडोशाला जाणारा लगेच नजरेत भरायचा. यादीला ९९ टक्क्यांहून अधिक मतं पडल्याचं सरकारने जाहीर केलं.

या प्रकाराविरुद्ध सॅक्सनीतल्या ओल्बर्नहाऊ गावच्या हेर्मान योझेफ फ्लाडे या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याने पत्रकं काढली. छापखाना कुठून आणणार? त्याने लहान मुलांचा छपाईचा खेळ वापरला. अशा खेळात इवलीशी रबरी अक्षरं असतात. ती चिमट्याने उचलून पट्टीच्या खाचेत एकेक बसवायची. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी, म्हणून ओळही उलट्या बाजूने जुळवायची. मग पट्टी शाईच्या गादीवर दाबायची आणि कागदावर ठसा उमटवायचा. पुढच्या कागदासाठी पुन्हा शाई, पुन्हा ठसा. शंभरेक पत्रकांत रात्र सरावी इतकं हे किचकट काम. पण हस्ताक्षर ओळखू येत नाही, टंकयंत्राच्या अक्षरांवरून माग लागत नाही आणि सगळं सामान दप्तरात मावतं.

खरा धोका पत्रकं वाटताना. मतदानाच्या आदल्या रात्री पोलिसांनी फ्लाडेला हटकलं. झटापटीत त्याने खिशातल्या चाकूने एका पोलिसाला जखमी केलं. तो निसटला, पण लवकरच सापडला. जानेवारी १९५१ मध्ये, गावातच जाहीर खटला चालवून, त्याला मृत्युदंड सुनावला गेला. शाळकरी पोराला मृत्युदंड! बाहेर इतका संताप उसळला की त्याच महिन्यात शिक्षा १५ वर्षांच्या कैदेवर आली.

त्या निकालाचा निषेध करणारी पत्रकं सॅक्सनीतल्याच वेर्डाऊमधल्या विद्यार्थ्यांनी वाटली. नाझींविरुद्ध पत्रकं काढून जीव गमावलेल्या म्युनिकच्या हान्स आणि सोफी शोल या भावंडांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. मे १९५१ मध्ये त्यांची धरपकड झाली. अशा खटल्यांत हमखास लागायचं ते राज्यघटनेचं कलम ६. या कलमाची सुरुवात ‘सर्व नागरिक कायद्यापुढे समान’ अशी होती. त्याच्याच पोटात ‘बहिष्काराची चिथावणी’ हा गुन्हा घातला होता. तो इतका मोघम, की त्यात कुठलंही पत्रक बसावं. मला ही लबाडी तुरुंगाइतकीच क्रूर वाटते.

ऑक्टोबर १९५१ मध्ये त्स्विकाऊच्या न्यायालयाने वेर्डाऊच्या १९ जणांना मिळून १३० वर्षांची कैद ठोठावली. त्यांतले कित्येक अजून विशीतही पोचले नव्हते. फ्लाडे सुटला १९६० मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी.