उणीव जुनी, खरेदी नवी

भारताच्या पहिल्या स्वदेशी लढाऊ जेट विमानाने, ‘मरुत’ने, १७ जून १९६१ रोजी बंगळुरूत उड्डाण केले. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी आखलेला त्याचा सांगाडा आवाजाहून वेगाने जाण्यासाठी होता. पण तेवढ्या ताकदीचे इंजिन मिळाले नाही आणि ब्रिटिश ऑर्फियसवर भागवावे लागले. पुढच्या साठ वर्षांची दुखणी या एका विमानात दिसतात.

१९६३ मध्ये सोव्हिएत मिग-२१ आले. त्यासाठी नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला आणि परवान्यावर शेकडो मिग तिथून बाहेर पडले. कामगारांचा हात बसला, आराखडा मात्र परकाच राहिला. नंतर जग्वार, मिराज, सुखोई आली.

मिगची जागा घेण्यासाठी १९८३ मध्ये हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प मंजूर झाला. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, तिथे उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परतावे लागले, आणि राहिलेले काम त्यांनी इथे पुरे केले. ४ जानेवारी २००१ रोजी विमान उडाले. पण ‘तेजस’ नावाच्या या विमानाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती जुलै २०१६ मध्ये, अवघ्या दोन विमानांनिशी.

दरम्यान १२६ परदेशी विमानांची निविदा २००७ मध्ये निघून रखडली. अखेर २०१६ मध्ये ३६ राफेलचा करार झाला. पहिली पाच २९ जुलै २०२० रोजी अंबाल्याला उतरली, तेव्हा चिनी सैन्याशी गलवानमध्ये झालेल्या रक्तपाताला जेमतेम दीड महिना झाला होता. ती खरेदी गरजेचीच होती.

२०२१ मध्ये ८३ सुधारित तेजसची मागणी नोंदवली गेली, पण त्यांच्यासाठीचे पहिले अमेरिकी इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आले. तोवर तयार सांगाडे खोळंबले. कावेरी हे देशी इंजिन तेजसला कधी बसलेच नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले आणि मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी २९ उरल्या.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरमध्ये बांधलेले पहिले तेजस आकाशात झेपावले, याचा अभिमान वाटतो. पण बाहेरून घेतलेले विमान आजची सीमा राखते, उद्याची उणीव भरून काढत नाही. त्यासाठी स्वतःचे इंजिन लागते. यापुढे परदेशी विमानांच्या प्रत्येक कराराबरोबर देशी इंजिनासाठी किती निधी आणि किती मुदत ठरली, हा हिशेब संसदेने मागितलाच पाहिजे.