पाणलोटाचा जमाखर्च : वऱ्हाडातील पाण्याचे नियोजन

शेतकरी घरातील धान्याचा, सरकी-पेंडीचा व सोसायटीच्या कर्जाचा हिशेब ठेवतो. परंतु ज्या पाण्यावर हे सर्व अवलंबून आहे, त्याचा हिशेब बहुधा कोठेच लिहिलेला नसतो. विहिरीने तळ गाठला म्हणजेच पाणी संपल्याचे कळते. तोपर्यंत गव्हास शेवटच्या पाळ्या द्यावयाच्या राहिलेल्या असतात व संत्र्याच्या बागा माना टाकू लागतात. हा प्रसंग टाळण्याचा मार्ग म्हणजे पावसाळा संपताच पाण्याची जमा व खर्च मांडून पिकांची निवड करणे. यासच पाण्याचा ताळेबंद असे म्हणतात.

एकक कोणते धरावे?

पाणी गावाची शीव ओळखत नाही. ते उताराने वाहते. ज्या क्षेत्रावर पडलेले पाणी एकाच ओढ्यास मिळते, ते त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र होय. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील बहुतेक पाणी पूर्णा नदीमार्गे तापीस मिळते. शहानूर, चंद्रभागा व वान या नद्या सातपुड्यातून दक्षिणेस, तर काटेपूर्णा, मोर्णा व पेढी या नद्या दक्षिणेकडून पूर्णेस येतात. याउलट वरुड व मोर्शीकडील पाणी वर्धा नदीतून गोदावरीच्या खोऱ्यात जाते. म्हणून हिशेब गावाचा मांडावा, पण वरच्या व खालच्या गावांसह एकत्र पाहावा. वरच्या गावाने अडविलेले पाणी खालच्या गावाच्या जमेतून वजा होते, हे विसरता कामा नये.

जमेची बाजू

१ हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी मिळाले. केवळ उदाहरणादाखल १,००० हेक्टरांचे एक गाव घेऊ. तेथे ७५० मिलिमीटर पाऊस झाल्यास एकूण जमा ७५ लाख घनमीटर होते. हा आकडा मोठा वाटला तरी तो सर्व आपल्या हाती येत नाही. समजा, त्यापैकी ४५ लाख घनमीटर खरीप पिके व बाष्पीभवन यांत गेले, १५ लाख ओढ्याने वाहून गेले, ९ लाख जमिनीत ओलाव्याच्या रूपाने राहिले व ६ लाख भूगर्भात मुरले. ही वाटणी जमिनीची खोली, उतार व पावसाची पद्धत यांप्रमाणे प्रत्येक गावी बदलते. म्हणून ती कृषी विभागाच्या व भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माहितीवरून ठरवावी.

मुरलेले सर्व पाणी उपसू नये. शेकडा ७० च्या मर्यादेत राहिल्यास ४.२ लाख घनमीटर मिळेल. वाहत्या पाण्यापैकी बंधारे व शेततळ्यांत अडून बाष्पीभवनानंतर २ लाख उरले, असे धरू. म्हणजे पावसाळ्यानंतरची खरी शिल्लक ६.२ लाख घनमीटर झाली.

खर्चाची बाजू

प्रथम हक्क पिण्याच्या पाण्याचा. २,००० माणसांस दररोज दरडोई ५५ लिटरप्रमाणे वर्षास सुमारे ४०,००० घनमीटर, आणि १,००० जनावरांस दररोज ५० लिटरप्रमाणे सुमारे १८,००० घनमीटर पाणी लागते. पुढील पाऊस लांबल्यास उपयोगी पडावे म्हणून थोडे अधिक, म्हणजे ७०,००० घनमीटर बाजूस काढावे. शेतीसाठी ५.५ लाख उरले.

गव्हास ६ सेंटिमीटरच्या सहा पाळ्या दिल्यास हेक्टरी ३,६०० घनमीटर लागतात. हरभऱ्यास दोन पाळ्यांत १,२०० घनमीटर पुरतात. गावाने २०० हेक्टर गहू पेरल्यास मागणी ७.२ लाख होईल व १.७ लाखांची तूट येईल. परंतु ८० हेक्टर गहू व २०० हेक्टर हरभरा घेतल्यास ५.२८ लाखांत भागते आणि पिकाखाली ८० हेक्टर अधिक जमीन येते. तूट कोणाच्या विहिरीत प्रथम दिसेल हे आधी सांगता येत नाही. बहुधा ती उथळ विहिरीच्या लहान शेतकऱ्याकडे येते. म्हणून हा निर्णय एकट्याने नव्हे, तर ग्रामसभेने घ्यावयाचा आहे.

वऱ्हाडातील तीन परिस्थिती

पहिली, सातपुड्याच्या पायथ्याचा अचलपूर ते तेल्हारा हा पट्टा. येथील गोटे-वाळूच्या थरांत पाणी भराभर मुरते. येथे पुनर्भरणास मोठा वाव आहे, परंतु संत्रा व केळी यांच्यासाठी उपसाही मोठा आहे.

दुसरी, वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा. बागेस वर्षभर पाणी द्यावे लागते. दुष्काळी वर्षी हंगामी पिकाप्रमाणे ती सोडून देता येत नाही. अशा गावी नवीन लागवड करण्यापूर्वी चांगल्या नव्हे, तर कमी पावसाच्या वर्षाचा ताळेबंद पाहावा. विहीर अधिक खोल केल्याने किंवा कूपनलिका खोदल्याने जमा वाढत नाही, केवळ खर्च जलद होतो.

तिसरी, पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. येथे भूजल पुष्कळ असले तरी ते खारे असल्याने सिंचनाच्या जमेत धरू नये. ते दिल्यास चिकण काळी जमीन फुगून तिचा निचरा बिघडतो. वरील उदाहरणातील गाव या पट्ट्यात असते, तर भूजलाचे ४.२ लाख वजा होऊन अडविलेले २ लाखच उरले असते. तेवढ्यात ओलाव्यावर वाढणाऱ्या सुमारे ३३० हेक्टर हरभऱ्यास ६ सेंटिमीटरची एक संरक्षित पाळी देता येते. मात्र पिण्याचे पाणी बाहेरून यावे लागते. अकोट परिसरातील ८४ खेडी योजना वान धरणातून पाणी घेते ती याचमुळे. धरणातील पाण्यावर शहर, खेडी व कालवे यांचा एकत्र हक्क असल्याने गावाचा ताळेबंद प्रदेशाच्या ताळेबंदाशी जोडावा लागतो.

आरंभ कसा करावा?

नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पावसानुसार दरवर्षी पीक-नियोजन करण्याची प्रथा पाडली आहे. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही गावोगावचे ताळेबंद तयार करण्यात आले व पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील गावे त्यात घेण्यात आली. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील क्रम अनुसरावा :

१. मंडळाच्या पर्जन्यमापकावरील पाऊस जून ते सप्टेंबर नोंदवावा.
२. माथा, मध्य व पायथा येथील काही विहिरी निवडून ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे महिन्यांत पाण्याची पातळी मोजावी.
३. पंपाचा उपसा मोजावा. २०० लिटरचे पिंप २० सेकंदांत भरल्यास तासास ३६ घनमीटर उपसा होतो.
४. ऑक्टोबरमध्ये जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा व चावडीच्या भिंतीवर लिहावा.
५. मे महिन्यात प्रत्यक्ष शिल्लक अंदाजाशी ताडून पुढील वर्षीचे आकडे दुरुस्त करावेत.

पहिल्या वर्षीचे आकडे स्थूल असतील. त्याने बिघडत नाही. मोजमाप चालू राहिले म्हणजे हिशेब दरवर्षी अधिक खरा होत जातो. आकाशातून किती पडावे हे आपल्या हाती नाही. परंतु पडलेले कोणत्या पिकासाठी व किती खर्चावे, हे पेरणीपूर्वी ठरविणे सर्वस्वी गावाच्या हाती आहे.