आपोआप हलणारा दांडा

ऑर्गनचा भाता आणि विमान यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारले तर तुम्ही हसाल. तथापि संबंध आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. विमानविद्या शिकण्याचा खर्च फार. म्हणून या तरुणाने ऑर्गनचेच भाते व पंप वापरून १९२९ साली एक लहानसे लाकडी विमान तयार केले. ते जमिनीवरून तसूभरही उठत नसे. परंतु आत बसलेल्याने दांडा हलविला की खऱ्या विमानासारखे कलत असे. लोकांनी प्रथम त्याची गणना जत्रेतल्या खेळण्यांत केली. पुढे १९३४ साली टपाल नेणारे अमेरिकन लष्कराचे वैमानिक खराब हवेत एकामागून एक मृत्युमुखी पडले, तेव्हा त्याच लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली.

लिंकचे वारस आज अनेक देशांत आहेत. संगणकाच्या पडद्यावर विमान उडवून त्यांचे समाधान होत नाही; घरातल्या एखाद्या खोलीत ते प्लायवूड, मोटारी व तारा यांच्या साहाय्याने हुबेहूब कॉकपिट उभारतात. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी या छंदात पडला आहे. बोइंग ७३७ विमानाच्या धर्तीवर त्याने थ्रॉटलचे दोन दांडे केले आहेत. थ्रॉटल म्हणजे इंजिनाची शक्ती कमीअधिक करण्याचे साधन. दांडा पुढे ढकलला की शक्ती वाढते, मागे ओढला की घटते. इतके मलाही ठाऊक होते. परंतु तो हे दांडे मोटार लावून आपोआप हलते करण्यासाठी महिनोन्‌महिने खपत होता, याचे मर्म मला कळेना. मी पडलो कलाशाखेचा पदवीधर. मी विचारले, "अरे, शक्ती जर संगणकच ठरवितो, तर दांडा हलला काय आणि न हलला काय?"

तो म्हणाला, "सर, दोळे धांपात आनी हात हांगा दवरात."

मी डोळे मिटून हात ठेवला. काही क्षणांनी दांडा माझ्या तळव्याखालून हळूहळू मागे सरकू लागला. विमान उतरू लागले आहे, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

मोठ्या विमानांत स्वयंचलित थ्रॉटल असतो. ठरविलेला वेग राखण्यासाठी तो स्वतःच शक्ती कमीजास्त करतो. बोइंगच्या विमानांत त्याबरोबर दांडेही हलतात. एअरबसने १९८८ साली सेवेत आणलेल्या ए-३२० विमानात मात्र दांडा एका खाचेत स्थिर राहतो. इंजिनाचे काय चालले आहे ते समोरच्या पडद्यावर वाचावयाचे. दोन्ही पद्धतींची विमाने आजही सुखरूप उडत आहेत, तेव्हा एकीला शहाणी व दुसरीला वेडी ठरविण्याचे कारण नाही. परंतु १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले आणि १४६ जणांपैकी ९२ जण प्राणांस मुकले. उतरताना वेग घटत होता, इंजिने अगदी मंद चालत होती, आणि दांडे होते तेथेच होते. चौकशीत मुख्य ठपका वैमानिकांवर आला, कारण पडद्यावर सारे दिसत होते. तरीही न हलणाऱ्या दांड्यांविषयी त्यानंतर पुष्कळ वाद झाला. डोळ्यांना शंभर कामे असतात. हाताला तेवढे एकच.

आता रचनेकडे वळू. आमच्या विद्यार्थ्याने प्रथम भंगारातून मोटारगाडीच्या वायपरची मोटार आणली. ताकद भरपूर, पण तिच्यात मळसूत्री गिअर असतो. मोटार त्या गिअरला फिरविते, परंतु दुसऱ्या टोकाने जोर लावून मोटार काही फिरत नाही. परिणामी दांडा हाताने हलेना! खऱ्या विमानात वैमानिकाच्या हाताचा मान यंत्राहून मोठा. तो केव्हाही दांडा ढकलू शकतो. म्हणून मोटार व दांडा यांच्यामध्ये क्लच घालावा लागला. दोन चकत्या, मध्ये फेल्ट, वर स्प्रिंगचा दाब. मोटारीच्या जोराने दांडा सरकतो, पण हाताचा जोर लागला की चकत्या एकमेकींवरून घसरतात. स्प्रिंग फार आवळली तर हात हरतो, सैल ठेवली तर मोटार हरते. तो मध्य साधण्यातच त्याचा एक पावसाळा गेला.

दांडा कोठे आहे हे कळण्यासाठी त्याच्या आसावर पोटेन्शिओमीटर बसविला आहे. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याच्या बटनामागे असतो, तोच हा. तो क्लचच्या अलीकडे, दांड्याच्याच बाजूस हवा. नाहीतर क्लच घसरताच हिशेब चुकतो. आर्दुइनो नावाचे छोटे नियंत्रक पाटे त्याचे माप ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचते, संगणकाला हव्या असलेल्या आकड्याशी ताडून पाहते आणि फरकाप्रमाणे मोटार पुढे किंवा मागे फिरविते. ऐकावयास सोपे; पण मोटार थांबेपर्यंत दांडा थोडा पुढे जातो, मग मागे येतो, पुन्हा पुढे, आणि हिवताप भरल्यासारखा कापत राहतो. यावर तोड अशी की, जवळ पोहोचताना मोटारीचा वेग उतरवावयाचा आणि शेवटच्या पाच-सहा आकड्यांचा फरक चक्क सोडून द्यावयाचा.

आणखी एक भानगड म्हणजे दांडा संगणकाला शक्ती सांगतो आणि संगणक दांड्याला जागा सांगतो. दोघेही हुकूम सोडू लागले की ऐकावयाचे कोणी? म्हणून स्वयंचलित थ्रॉटल चालू असताना दांड्याचे म्हणणे संगणकाने ऐकू नये, आणि दांड्याच्या कडेचे बटन दाबताच पुन्हा ऐकावे, अशी व्यवस्था त्याने केली.

सर्वांत चिवट शत्रू म्हणजे घर्षण, आणि तो केवळ हौशी कारागिरांचाच नव्हे. ९ जानेवारी २०२१ रोजी जाकार्ताहून निघालेले श्रीविजया एअरचे बोइंग ७३७-५०० विमान जावा समुद्रात कोसळले. ६२ जण गेले. चौकशीत आढळले की उजवा दांडा कोठेतरी अडकत असल्यामुळे स्वयंचलित थ्रॉटलला तो मागे आणता आला नाही, म्हणून त्याने एकटा डावाच मागे मागे आणला. दोन्ही बाजूंची शक्ती विषम झाली व विमान कलले. येथे दांडे तर हलणारेच होते! त्यांच्यातील वाढते अंतर वेळीच कोणाच्या लक्षात आले नाही.

ही हकिगत मी त्याला सांगितली, तेव्हा ती त्याला आधीच ठाऊक होती. आमच्याकडच्या दमट हवेत प्लायवूड फुगते आणि त्याच्याही उजव्या दांड्याची फट आवळते. दोन्ही दांडे एकदम सोडले की डावा आधी पोहोचतो, उजवा मागून येतो. मी निघालो तेव्हा तो दांडा बाहेर काढून, मांडीवर घेऊन, पॉलिश कागदाने कड घाशीत बसला होता.