जुनी मोटार विकतांना

मोटार विकत घ्यावयाची असली म्हणजे घरांतील सर्व मंडळी एकत्र बसून विचार करतात. रंग कोणता असावा याविषयीं मुलांचेंही मत घेतलें जातें. परंतु तीच मोटार विकावयाची वेळ आली कीं हा सारा विचार आटोपतो, आणि जो कोणी प्रथम दारांत येईल त्याच्या हातीं किल्ली देऊन मंडळी मोकळी होतात. कोणाची बदली झालेली असते, कोणास मुलाच्या पुढील शिक्षणाचें शुल्क भरावयाचें असतें, आणि गरजवंताला अक्कल नसते ही म्हण खरी ठरते. म्हणून जुनी मोटार कोणास, कशी व कोणत्या कागदांनिशीं विकावी, याचा थोडा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. आमच्या विद्यार्थिमित्रांस आज मोटार विकावयाची नाहीं हें आम्ही जाणतों. तथापि या व्यवहारांत अर्थशास्त्राचें एक सुंदर कोडें दडलेलें आहे, तें त्यांना खचित आवडेल.

तें कोडें असें. चांगली निगा राखलेली जुनी गाडीसुद्धां बाजारांत तिच्या योग्यतेच्या मानानें स्वस्त कां जाते? जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं एका निबंधांत याचा उलगडा केला. अमेरिकेंत वाईट निघालेल्या गाडीस बोलीभाषेंत ‘लेमन’ म्हणजे लिंबू म्हणतात. त्यावरून निबंधाचें नांवही लिंबांच्या बाजाराचें. समजा, बाजारांत निम्म्या गाड्या चांगल्या असून त्यांची खरी किंमत चार लाख रुपये आहे, आणि निम्म्या वाईट असून त्यांची किंमत दोन लाख आहे. कोणती गाडी कशी हें विकणाऱ्यास ठाऊक असतें, घेणाऱ्यास नसतें. अर्थात् घेणारा सरासरी काढून तीन लाख देऊं करतो. चार लाखांच्या गाडीचा मालक हें ऐकून गाडी घरीं परत नेतो. दोन लाखांच्या गाडीचा मालक मात्र आनंदानें पुढें येतो. होतां होतां बाजारांत वाईट गाड्याच उरतात, गिऱ्हाइकांच्या हें लक्षांत येतें, आणि भाव दोन लाखांवर येऊन बसतो. सुक्याबरोबर ओलेंही जळतें म्हणतात तें हेंच. हा निबंध छापण्यास तीन नियतकालिकांनीं नकार दिला होता, आणि पुढें २००१ सालीं अ‍ॅकरलॉफ यांस मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें!

तेव्हां प्रामाणिक विक्रेत्यापुढें खरा प्रश्न हा, कीं आपली गाडी चांगली आहे हें परक्या माणसास पटवावें कसें? तोंडानें सांगून तें पटत नाहीं, कारण लबाडही तेंच सांगतो. जी खूण लबाडास दाखवितां येत नाहीं, तीच येथें उपयोगी. वेळोवेळीं केलेल्या देखभालीच्या पावत्या, त्यांवर नोंदलेला किलोमीटरचा आंकडा, विम्याचीं मागील वर्षांचीं पत्रें, हीं सर्व तारीखवार लावून ठेवावीं. मीटरचा आंकडा मागें फिरविण्याची लबाडी या धंद्यांत जुनी आहे. म्हणून पावत्यांवरील चढत जाणारे आंकडे हाच गिऱ्हाइकाचा मोठा आधार. “आपला मेकॅनिक घेऊन या आणि गाडी पाहिजे तितकी तपासा,” एवढें आपण होऊन म्हणणारा विक्रेता अर्धी लढाई तेथेंच जिंकतो. गाडीस अपघात झालेला असेल तर तोही आधींच सांगावा. तपासणाऱ्याच्या नजरेस दाराचा बदललेला पत्रा पडतोच, आणि लपविलेली एक गोष्ट सांपडली कीं तो उरलेल्या दहा गोष्टींवरही विश्वास ठेवीत नाहीं. याच कारणास्तव विक्रीपूर्वीं गाडीस नवा रंग देण्याचा खर्च आम्हांस व्यर्थ वाटतो. ताजा रंग पाहून गिऱ्हाईक खूष होण्याऐवजीं खालीं काय झांकलें आहे असा विचार करूं लागतें. आंतून बाहेरून स्वच्छ धुणें, बंद पडलेला दिवा बदलणें, एवढें पुरे.

किंमत किती मागावी? विमा कंपन्या गाडीच्या वयाप्रमाणें घट धरतात, ती प्रथम पाहण्यास सोयीची आहे. वर्ष उलटल्यावर दुसऱ्या वर्षांत वीस टक्के, तिसऱ्यांत तीस, चौथ्यांत चाळीस आणि पांचव्यांत पन्नास टक्के घट त्या कोष्टकांत धरलेली आहे. बाजारभाव याच्याशीं तंतोतंत जुळत नाहीं; ज्या गाडीचे सुटे भाग गांवोगांवीं मिळतात ती अधिक भाव खाते, आणि ज्या गाडीचें उत्पादन बंद पडलें ती लवकर उतरते. नव्या गाडीची किंमत बदलली कीं जुनीचीही बदलते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तेव्हां त्यापूर्वीं ठरविलेला भाव मनांत धरून बसण्यांत अर्थ नाहीं. शिवाय खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढें तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या गाडीस गिऱ्हाईक बिचकतें. हंगामाचीही एक गंमत आहे. पितृपक्षांत कित्येक घरीं वाहनखरेदी टाळतात, तेव्हां त्या पंधरवड्यांत गिऱ्हाईक न आल्यास गाडीस दोष देऊं नये!

विकण्याचे मार्ग मुख्यतः तीन. नवी गाडी घेतांना जुनी त्याच दुकानांत बदल्यांत देणें हा सर्वांत सोपा. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास विकणें हा दुसरा, आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्या गृहस्थास विकणें हा तिसरा. पहिल्या दोहोंत पैसे लवकर मिळतात पण कमी मिळतात, आणि याबद्दल व्यापाऱ्यावर रागावणें बरोबर नव्हे. दुरुस्ती, जागेचें भाडें, नांवबदलाचा खर्च, गाडी न खपण्याचा धोका हें सर्व त्यालाच सोसावें लागतें. त्यावर करही आहे. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्यास जुन्या मोटारीवरील आपल्या नफ्याच्या रकमेवर सरसकट १८ टक्के कर भरावा लागतो. तीन लाखांस घेतलेली गाडी साठ हजार अधिक घेऊन विकली तर कर १०,८०० रुपये होतो. एका गृहस्थानें आपली घरगुती गाडी दुसऱ्यास विकली तर हा कर नाहीं. तिसऱ्या मार्गानें अधिक पैसे मिळतात त्याचें एक कारण हें. ज्यास महिना-दीड महिना थांबतां येतें त्यानें तोच मार्ग धरावा, व गिऱ्हाईक शक्यतों ओळखीच्या माणसांकडून शोधावें, असें आमचें मत आहे. बदल्यांत देतांना मात्र एक पथ्य पाळावें: नव्या गाडीवरील सवलत आणि जुनीची किंमत हे दोन आंकडे वेगवेगळे लिहून घ्यावे. ते एकत्र केले कीं एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेतलेलें कळत नाहीं.

आतां कागदपत्रांकडे वळूं, कारण खरा धोका किंमतींत नसून येथें आहे. पैसे मिळाले, किल्ली दिली, व्यवहार संपला, अशी पुष्कळांची समजूत असते. कायद्याची समजूत वेगळी आहे. २००७ सालीं एका गृहस्थानें आपली मोटार विकली. ती पुढें आणखी हातोहात गेली, परंतु नोंदणी पहिल्याच मालकाच्या नांवावर राहिली. २००९ मध्यें त्या मोटारीनें अपघात झाला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१८ सालीं निकाल लागला कीं ज्याच्या नांवावर नोंदणी, तोच कायद्यानें मालक, व भरपाईची जबाबदारी त्याचीच. जी गाडी दोन वर्षांपूर्वीं दारांतून गेली, जी चालविणारा कोण हें आपणांस ठाऊकही नाहीं, तिच्यासाठीं आपण भरपाई द्यावी, हें किती भयंकर आहे याची वडील मंडळींनीं कल्पना करावी.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें त्याच राज्यांत गाडी विकली असतां विकणाऱ्यानें चौदा दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावें लागतें, आणि दुसऱ्या राज्यांत विकली असतां पंचेचाळीस दिवसांच्या आंत. घेणाऱ्यास तीस दिवसांची मुदत आहे. विक्रीची सूचना नमुना २९ मध्यें देतात, नांवबदलाचा अर्ज नमुना ३० मध्यें करतात. गाडी परराज्यांत जाणार असेल तर नमुना २८ प्रमाणें ना-हरकत दाखला लागतो. गाडीवर बँकेचें कर्ज असेल तर तें फेडून, बँकेचें पत्र व नमुना ३५ देऊन नोंदणींतील बोजा उतरवून घ्यावा. दंडाच्या पावत्या थकल्या असतील तर त्याही आधींच भराव्या. पुष्कळ दलाल कोऱ्या नमुन्यांवर सही मागतात, कारण तशा कागदांवर गाडी दहा वेळां विकतां येते आणि प्रत्येक वेळीं नांव जुन्या मालकाचेंच राहतें. अशी सही कधींही देऊं नये. घेणाराचें नांव, पत्ता, तारीख व ताबा दिल्याची वेळ लिहिल्यावरच सही करावी, आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत जवळ ठेवावी. व्यापाऱ्यास गाडी देतांना तो अधिकृत आहे काय हें विचारावें. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या नियमांप्रमाणें, अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यांत गाडी दिल्याची सूचना परिवहन खात्याकडे रीतसर गेली कीं तो तिचा मालक मानला जातो, व मधल्या काळाची जबाबदारी त्याच्यावर येते.

पैशांविषयीं दोन शब्द. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनें घेण्यास २०१७ पासून प्राप्तिकर कायद्यानें मनाई आहे, आणि घेतल्यास तितकाच दंड होऊं शकतो. तेव्हां रक्कम बँकेमार्फतच घ्यावी, व खात्यांत जमा झाल्याचें स्वतः पाहिल्यावांचून मूळ नोंदणीपत्र हातावेगळें करूं नये.

एका गोष्टीकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. अपघाताची भरपाई न मागतां वर्षें गेलीं तर विम्याच्या हप्त्यांत जी सूट मिळते, ती गाडीची नसून मालकाची असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरता जो हप्त्याचा भाग असतो त्यावर ती वीस टक्क्यांपासून पांच वर्षांनीं पन्नास टक्क्यांपर्यंत चढते. गाडी विकतांना विमा कंपनीकडून तसें पत्र घेतलें कीं तीन वर्षांच्या आंत नव्या गाडीस ती सूट लावतां येते. घेणाऱ्यानेंही चौदा दिवसांत विमा आपल्या नांवावर करून घेण्यासाठीं अर्ज करावयाचा असतो.

पुढच्या कांचेवरील फास्टॅग विक्रीच्या दिवशींच बंद करावा, नाहींतर नवा मालक महाबळेश्वरास जाईल आणि टोलाचे पैसे जुन्या मालकाच्या खात्यांतून जातील. शेवटीं, महिना झाल्यावर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून मालकाचें नांव पाहावें. तेथें नांवाचीं कांहीं अक्षरें झांकलेलीं असतात, परंतु आपलें नांव गेलें कीं नाहीं, एवढें कळण्यास उरलेलीं पुरेशीं असतात.